हार्बिनचा सोमल: एका गावठी औषधाच्या अर्धशतकी तपासाचं प्रकरण

पारंपरिक चिनी औषधांवरच्या संशोधनाचं यशस्वी उदाहरण मागितलं की बहुतेक जण हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचं नाव घेतात. तू योयो यांना २०१५ साली त्यासाठी नोबेल मिळालं, तेव्हा ते साहजिकच आहे. मला मात्र जास्त शिकण्यासारखं वाटतं ते ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहराचं प्रकरण. आर्टेमिसिनिनच्या पाठीशी सरकारी प्रकल्प होता आणि आजार आधीच ठरलेला होता. हार्बिनमध्ये काहीच ठरलेलं नव्हतं. हातात होतं ते खेड्यात कॅन्सरवर म्हणून दिलं जाणारं एक मिश्रण. त्यात सोमल (आर्सेनिकचं विषारी संयुग), पारा आणि भेकाचं, म्हणजे एका जातीच्या बेडकाचं, विष. ते कुठल्या कॅन्सरवर चालतं, तिन्हींपैकी कशामुळे चालतं, की मुळात चालतच नाही, याचा कुणालाही पत्ता नव्हता. आज रक्ताच्या एका जीवघेण्या कॅन्सरचा पहिल्या पसंतीचा उपचार त्याच मिश्रणातून निघालेल्या एका घटकावर उभा आहे.

या यशावर दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. "बघा, प्राचीन ज्ञान खरं ठरलं," असं एक बाजू म्हणते. "ते आता शुद्ध रसायन झालं, त्यात परंपरेचा काय संबंध," असं दुसरी. हे प्रकरण मुळापासून पाहिलं तर दोघांचीही पंचाईत होते.

आजार

अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल. जुन्या वर्गीकरणात याला एम-३ म्हणत. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण दहापैकी एका रुग्णाला हा प्रकार असतो. नॉर्वेच्या लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ साली तीन रुग्णांवरून हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला, आणि तीव्र ल्युकेमियातला हा सगळ्यात घातक प्रकार असल्याचं तेव्हाच लिहून ठेवलं.

यात माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तस्रावाने. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उमटतात, रक्त तपासायला सुई टोचली तर ती जागा वाहत राहते. पुढची पायरी मेंदूतला रक्तस्राव. अस्थिमज्जेत अर्धवट वाढलेल्या पेशी साचतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारी द्रव्यं रक्त गोठवण्याची यंत्रणाच बिघडवून टाकतात. गोठायला लागणारा माल संपतो आणि मग काहीच गोठत नाही. पूर्वी निदान झाल्यापासून काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, खेळ आटोपायचा. १९७० च्या दशकात डॉनोरुबिसिनसारखी औषधं आली. त्यांनी बऱ्याच जणांचा आजार मागे हटायचा, पण टिकून बरे होणारे थोडेच.

याचं मूळ एका अपघातात आहे. गुणसूत्र क्रमांक १५ आणि १७ आपापले तुकडे बदलतात. शिकागोत जेनेट राउली यांनी १९७७ साली हे दाखवलं. या अदलाबदलीत दोन जनुकं एकमेकांना चिकटतात आणि पीएमएल-रारा हे जोडप्रथिन तयार होतं. ते पेशीची वाढ अर्ध्यावर रोखून धरतं. या प्रथिनाचं नाव लक्षात ठेवावं, कारण पुढचा सगळा उलगडा त्याच्यापाशीच होतो. हार्बिनमध्ये काम सुरू झालं तेव्हा मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं.

तीन विषांतून एक

चीनमधला माओच्या सांस्कृतिक क्रांतीचा काळ. शहरी रुग्णालयातल्या डॉक्टरांना खेड्यात पाठवायचं आणि तिथल्या औषधोपचारांची दखल घ्यायची, हे धोरणच होतं. हेलोंगजियांग प्रांतातल्या लिनद्येन भागात एक गावठी वैद्य वेगवेगळ्या कॅन्सरवर एक औषध देतो, ही बातमी हार्बिन वैद्यकीय विद्यापीठाच्या पहिल्या संलग्न रुग्णालयापर्यंत पोचली. त्यात सोमल, कॅलोमेल हा पाऱ्याचा क्षार आणि भेकाच्या कातडीतल्या ग्रंथींचं विष होतं. रुग्णालयातले औषधनिर्माते हान ताइयुन यांनी १९७१ च्या सुमारास त्याचं इंजेक्शन बनवलं. पुढे ते 'आयलिंग' या नावाने ओळखलं जाऊ लागलं. रक्तविकारांचे डॉक्टर झांग तिंगदोंग या कामात आले, आणि १९७३ साली क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या सहा रुग्णांवरचा पहिला अहवाल चिनी भाषेत छापून आला.

इथवरची गोष्ट जगात कुठेही घडली असती. 'खेड्यातल्या वैद्याचा रामबाण उपाय' आणि त्यावर सहा रुग्णांचा अहवाल, असलं साहित्य ढिगाने पडलेलं आहे. हार्बिनच्या मंडळींनी यानंतर काय केलं ते महत्त्वाचं.

मिश्रण दिल्यावर काही रुग्णांच्या लघवीत प्रथिनं जायला लागली, म्हणजे मूत्रपिंडाला इजा होत होती. संशय पाऱ्यावर गेला. काहींचा रक्तदाब चढायचा, डोकं दुखायचं. तिथे संशय भेकाच्या विषावर. मग त्यांनी घटक वेगळे करून पाहिले. पारा काढला, गुण कमी झाला नाही. भेकाचं विष काढलं, तरी गुण कमी झाला नाही. उरला एकटा सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आणि काम तोच करत होता. परंपरेचा मान राखायचा तर मिश्रण जसंच्या तसं ठेवायला हवं होतं. त्यांनी वैद्याचं औषध घेतलं आणि त्यातली दोन तृतीयांश द्रव्यं फेकून दिली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा शोध हाच.

दुसरी गोष्टही तितकीच मोठी, पण तिच्याबद्दल कमी बोललं जातं. मूळ औषध 'कॅन्सरवर' होतं, म्हणजे सगळ्यावर. हार्बिनमध्ये ते ल्युकेमियाच्या निरनिराळ्या प्रकारांवर देऊन प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा ठेवला गेला. बहुतेक ठिकाणी निकाल यथातथाच. एम-३ च्या रुग्णांत मात्र उठून दिसणारा. सत्तरचं दशक संपेपर्यंत हे त्यांच्या नोंदींत आलेलं होतं. औषध कुठे चालत नाही हे लिहून ठेवलं, म्हणून ते कुठे चालतं हे दिसलं. एरवी चार-दोन एपीएलचे बरे झालेले रुग्ण इतरांच्या गर्दीत हरवून गेले असते.

मग १९९२ साली एपीएलच्या ३२ रुग्णांचा अहवाल आला. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा आजार पूर्ण मागे हटला होता आणि काही जण अनेक वर्षं जिवंत होते. पाठोपाठ १९९६ मध्ये ७२ रुग्णांचा. दोन्ही चिनी भाषेत, आणि दोन्हीत तुलनेला दुसरा गट नाही. चीनबाहेर कुणाच्या कानावर गेलं नाही आणि गेलं असतं तरी विश्वास बसला नसता. सोमल म्हणजे खुनाचं हत्यार. त्याची बाटली शिरेतून लावतात म्हटल्यावर कोण ऐकून घेणार?

शांघाय

तिकडे शांघायच्या रुइजिन रुग्णालयात वांग झेनयी याच आजारावर वेगळ्या वाटेने काम करत होते. जीवनसत्त्व अ च्या कुळातलं ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल, म्हणजे अट्रा, दिलं तर या अर्धवट पेशी मरण्याऐवजी मोठ्या होतात, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मारण्याऐवजी वळणावर आणता येतं, हा त्यांचा विचार. १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीपासून सुरुवात झाली. १९८८ मध्ये २४ रुग्णांचा निकाल 'ब्लड' या इंग्रजी नियतकालिकात आला. सगळ्यांचा आजार मागे हटला होता. याचा चिनी परंपरेशी काही संबंध नव्हता. पण एकट्या अट्रावर ठेवलेल्या रुग्णांत आजार उलटायचा, म्हणजे परत यायचा, आणि उलटला की अट्रा पूर्वीसारखं चालत नसे.

नेमकी हीच गरज हार्बिनच्या औषधाने भागवली. वांग यांचे विद्यार्थी चेन झू आणि त्यांच्या पत्नी चेन साइजुआन यांचा शांघायचा गट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झांग यांच्या गटाबरोबर आला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अट्रानंतर आजार उलटलेले १५ रुग्ण होते. त्यांपैकी दहा जणांना फक्त आर्सेनिक दिलं आणि नऊ जणांचा आजार पूर्ण मागे हटला. इतर उपचारांची जोड दिलेले पाचही जण सावरले. या वेळी अहवाल इंग्रजीत होता, रक्तातल्या औषधाची पातळी मोजलेली होती आणि पेशींवरचा परिणाम प्रयोगशाळेत तपासलेला होता.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाने स्वतः करून पाहिलं. आजार उलटलेले बारा रुग्ण, त्यांतले अकरा सावरले. हा निकाल १९९८ चा. त्यानंतर अमेरिकेत अनेक केंद्रांवर ४० रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात ३४ सावरले. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने 'ट्रायसेनॉक्स' या नावाने औषधाला मान्यता दिली.

आता एक आडवा प्रश्न. यात तुलनेचा गट कुठे आहे? नाहीच. आणि तरी मान्यता मिळाली ती योग्यच होती. उलटलेल्या एपीएलमध्ये उपचारावाचून दहातले नऊ जण आपोआप सावरतात असं कधीच होत नाही. परिणाम इतका मोठा असेल तर चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याआधीच तो डोळ्यांना दिसतो. पण याच कारणाने हे प्रकरण इतर पारंपरिक उपचारांना दाखला म्हणून वापरताना जपून वापरावं. कंबरदुखी, निद्रानाश, अपचन हे आजार स्वतःहून कमीजास्त होतात. तिथे बारापैकी अकरांना बरं वाटलं याचा अर्थ जवळपास शून्य. "त्यांना चालतं, मग आम्हालाच चाचण्यांची अट का?" या तक्रारीचं उत्तर यात आहे.

अर्थात खुंटी हलवून बळकट करायची ती पुढे केलीच गेली. इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी फ्रान्चेस्को लो-कोको यांच्या पुढाकाराने नव्याने निदान झालेले, कमी आणि मध्यम धोक्याचे रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाला अट्रा आणि आर्सेनिक, दुसऱ्याला अट्रा आणि नेहमीची केमोथेरपी. निकाल २०१३ साली लागला. दोन वर्षांनंतर आर्सेनिकच्या गटातले ९९ टक्के रुग्ण जिवंत होते, केमोच्या गटातले ९१ टक्के. आजार न उलटता आणि दुसरं विघ्न न येता राहिलेले अनुक्रमे ९७ आणि ८६ टक्के. ज्या आजाराला १९५७ साली सगळ्यात घातक म्हटलं गेलं, त्यातले बहुतेक रुग्ण केमोथेरपीशिवाय बरे होऊ लागले.

नेमकं घडतं काय

पीएमएल-रारा या जोडप्रथिनाला दोन टोकं आहेत. अट्रा त्याच्या रारा टोकाला धरतं. आर्सेनिक पीएमएल टोकाला. शांघायच्या गटाने २०१० साली दाखवलं की आर्सेनिकचा अणू पीएमएलमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लांच्या गंधकाला थेट चिकटतो. त्यामुळे त्या प्रथिनाला सुमो नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागते, आणि अशी खूण लागलेला माल पेशीची कचरा-यंत्रणा तोडून टाकते. पॅरिसमध्ये संशोधक ह्यूग द थे यांनीही याच कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. दोन्ही औषधं एकाच प्रथिनाला दोन बाजूंनी खिळखिळं करतात, म्हणून त्यांची जोडी इतकी जमते. आणि इतर ल्युकेमियांत हे प्रथिनच नाही, म्हणून तिथे हार्बिनला निकाल मिळाले नव्हते. सत्तरच्या दशकातल्या वहीतल्या नोंदीचा अर्थ तीस-चाळीस वर्षांनी लागला.

औषध देणं मात्र सोपं नाही. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, रोज, साधारण दोन तासांत शिरेतून. आधी ईसीजी काढायचा, कारण आर्सेनिकने हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी अंतराचा काळ वाढतो आणि घातक अनियमितता उद्भवू शकते. रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम किमान मर्यादेच्या बरंच वर ठेवायचं. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाचं वजन अचानक वाढलं, ताप आला, दम लागला, तर पेशी झपाट्याने मोठ्या होण्यातून येणारा डिफरन्शिएशन सिंड्रोम समजून तातडीने स्टेरॉइड सुरू करायचं. वैद्याच्या पुडीतलं औषध आणि हे औषध यांत रसायन एकच, पण माप, शुद्धता आणि पहारा यांनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आर्सेनिक दीर्घकाळ पोटात गेलं तर ते स्वतःच कॅन्सर घडवतं. पश्चिम बंगालच्या विहिरींनी ते दाखवलेलं आहे.

परंपरेचा वाटा किती

सोमल ही काही चीनची एकट्याची मिरास नाही. इंग्लंडच्या थॉमस फाउलर यांनी १७८६ साली पोटॅशियम आर्सेनाइटचं द्रावण औषध म्हणून पुढे आणलं. १८६५ मध्ये लिसाउअर या जर्मन डॉक्टरांनी ते ल्युकेमियाच्या रुग्णाला देऊन गुण आल्याचं नोंदवलं. युरोप-अमेरिकेत पुढची कित्येक दशकं ते चाललं आणि नवे उपचार आल्यावर मागे पडलं. म्हणजे धागा पाश्चात्त्य वैद्यकाच्याही हातात होता, त्यांनी तो सोडला. चीनमध्ये सोमल अजून वापरात होता, म्हणून तो पुन्हा तपासला गेला. परंपरेने दिलं ते एवढंच, आणि ते थोडं नाही: तपासण्यासारखी वस्तू जिवंत ठेवली. कशावर द्यायचं, किती द्यायचं, कशासोबत द्यायचं, यातलं जवळपास काहीच तिच्याकडून आलं नाही.

याला एक अपवाद असू शकतो, आणि तो मला खरंच रंजक वाटतो. दालियेनच्या हुआंग शिलिन यांनी इंजेक्शनच्या वाटेने न जाता पारंपरिक धर्तीवर एक गोळी बनवली. तिच्यात मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचा सल्फाइड, मुख्य. जोडीला निळीच्या झाडाची पूड, दानशेन नावाच्या वनस्पतीचं मूळ आणि ताइझीशेनचं मूळ. चिनी शास्त्रात औषधातल्या घटकांना राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशा भूमिका असतात. चेन झू यांच्या गटाने २००८ साली हे पेशींवर आणि उंदरांवर तपासलं. निळीतलं इंडिरुबिन आणि दानशेनमधलं टॅनशिनोन यांच्यामुळे पेशीत आर्सेनिक शिरण्याची दारं वाढतात आणि परिणाम बळावतो, असं त्यांना दिसलं. इथे मिश्रणाला अर्थ असल्याचा पुरावा होता.

पण किती? त्या प्रयोगात चारपैकी तीन घटकांतली निवडक द्रव्यं घेतली होती, चौथी वनस्पती बाहेरच राहिली. पुढे २४२ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, तिचा निकाल २०१३ चा. गोळी घेतलेल्यांत दोन वर्षं आजाराविना राहिलेले ९८.१ टक्के, इंजेक्शन घेतलेल्यांत ९५.५ टक्के. गोळी इंजेक्शनपेक्षा कमी पडत नाही हे सिद्ध झालं आणि रुग्णाची रोजची दवाखान्याची फेरी वाचली. हे मोठंच काम. तरी तुलना गोळी आणि इंजेक्शन अशी होती, पूर्ण गोळी आणि नुसती मनशीळ अशी नव्हती. राजाला मंत्र्याची गरज माणसाच्या शरीरात खरंच आहे का, याचं उत्तर या चाचणीतून मिळत नाही. हार्बिनने जे केलं, एकेक घटक काढून बघणं, ते या गोळीवर रुग्णांमध्ये व्हायला हवं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांच्या शाखेत, सोमल, हरताळ, मनशीळ तिन्ही आहेत आणि मल्लसिंदूरासारखे सोमलाचे कल्प आजही विकले जातात. बोस्टनमधल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं २००४ साली तपासली गेली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यावरची आपल्याकडची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे शोधन-मारणाने, म्हणजे शुद्ध करून भस्म केल्याने, विष उरत नाही. ते छातीठोकपणे सांगण्याआधी हार्बिनसारखी वही हवी: कुठल्या आजाराच्या कुठल्या प्रकारावर दिलं, किती जणांना गुण नाही आला, कुणाच्या लघवीत काय दिसलं.

वेल्लोर

भारतात या औषधाचा सगळ्यात चोख वापर झाला तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. अट्रा आणि केमोथेरपी न परवडणारे रुग्ण समोर होते. १९९८ ते २००४ या काळात तिथे ७२ नव्या रुग्णांना मुख्यतः एकट्या आर्सेनिकवर ठेवलं. आजार मागे हटेपर्यंत रोज, मग विश्रांती, मग चार आठवडे, आणि नंतर सहा महिने दरमहा दहा दिवस. सुरुवातीचा टप्पा संपला की बहुतेक उपचार बाह्यरुग्ण विभागातच. ६२ जण पूर्ण सावरले. तीन वर्षांनंतर सुमारे ८६ टक्के जिवंत होते. निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी ५,००० च्या आत आणि प्लेटलेट २०,००० च्या वर असलेल्या २२ जणांत तर आजार एकदाही उलटला नाही. श्रीमंत देशांत आर्सेनिक आधी उलटलेल्या आजारावरचा उपाय म्हणून आलं. वेल्लोरने ते पैशाच्या अडचणीपोटी पहिल्या दिवसापासून वापरलं, आणि जग नंतर त्याच दिशेने आलं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत आर्सेनिक ट्रायऑक्साइड घेतलं.

श्रेयाचा हिशेब बराच काळ अडला होता. झांग तिंगदोंग यांचं नाव चीनमध्येही फारसं घेतलं जात नसे. चिनी शास्त्रज्ञ राव यी आणि सहकाऱ्यांनी जुने चिनी अहवाल काढून क्रम लावला, तेव्हा त्यांच्याकडे लक्ष गेलं. २०२० मध्ये झांग आणि वांग यांना मिळून चीनचा फ्यूचर सायन्स पुरस्कार मिळाला. मूळ पुडी देणाऱ्या गावच्या वैद्याला कुठलाच पुरस्कार मिळालेला नाही.

आज एपीएलमध्ये जीव जातो तो प्रामुख्याने पहिल्या काही दिवसांत, औषधाला काम करायला वेळ मिळण्याआधीच, रक्तस्रावाने. त्यामुळे नुसता संशय आला तरी गुणसूत्रांच्या अहवालाची वाट न पाहता अट्रा सुरू करावं आणि प्लेटलेट व प्लाझ्मा देऊन रक्त सांभाळावं, असं उपचारांची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. त्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात रक्ताची काचपट्टी बघणाऱ्याला त्या अर्धवट पेशी ओळखू याव्या लागतात, आणि रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करावं लागतं.